पुढच्या शाखेला चिठ्ठी

आमच्या मॅनेजरांना कुणी काही विचारलेलं खपत नसे, आणि आपण होऊन कुणाला काही विचारणं तर त्याहून खपत नसे. लॉजिंग-बोर्डिंगच्या धंद्यात असा माणूस टिकला कसा, याचं मला पहिले काही महिने नवल वाटायचं. उतारू दारात उभा आहे, हातात ट्रंक आहे, घामाघूम झालाय, आणि काउंटरमागचा हा माणूस 'किती दिवस राहणार', 'जेवण इथेच का' यातलं काहीएक न विचारता नुसता त्याच्याकडे बघतोय. अर्धं मिनिट तरी बघायचे. मग किल्ल्यांच्या फळीवरून एक किल्ली काढून पुढे करायचे. गंमत म्हणजे ती खोली त्या माणसाला बहुतेक वेळा मानवायची.

गिरगावात ट्रामच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमची इमारत होती. तीन मजले, अठ्ठावीस खोल्या. पाटीवर मोठ्या अक्षरात लॉजचं नाव आणि खाली बारीक अक्षरात 'शाखा : दादर, पुणे, कोल्हापूर, बेळगाव'. मालक कोल्हापूरला असत. मुंबईच्या दोन्ही जागा मॅनेजर सांभाळायचे. औषधांच्या नि साबणांच्या कंपन्यांचे फिरते विक्रेते, कापडबाजारात माल घ्यायला येणारे व्यापारी, हायकोर्टाच्या तारखेला येणारी माणसं आणि सुट्टीत राणीचा बाग बघायला येणारी कुटुंबं, अशी आमच्याकडची वस्ती. मी चिंचपोकळीच्या चाळीतला, मिलमधल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, अक्षर बरं होतं, म्हणून रजिस्टर आणि पत्रव्यवहार सांभाळायला मला ठेवलं. वय बावीस. स्वतःच्या हुशारीबद्दल मला तेव्हा फारशी शंका नव्हती.

"विचारायचं नसतं रे," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "बघायचं असतं. विचारलं की माणूस त्याला शोभेल असं उत्तर देतो. कोकणातल्या माणसाला पंखा हवा का म्हणून विचार, तो 'छे, कशाला' म्हणेल आणि घामात लोळत पडेल. त्यापेक्षा त्याच्या सदऱ्याची पाठ बघ आणि पंख्याची खोली दे."

त्यांचा दुसरा छंद म्हणजे चिठ्ठ्या. आमचे पुष्कळ उतारू मुंबईहून पुण्याला, तिथून कोल्हापूरला, पुढे बेळगावला असे शाखेशाखेने जायचे. माणूस आमच्याकडून निघाला की पुढच्या शाखेला त्याच्याबद्दल चिठ्ठी जायलाच हवी, असा मॅनेजरांचा नियम. वेळ असेल तर टपालाने, नसेल तर बंद पाकिटात घालून त्या उतारूच्याच हाती. तो बिचारा स्वतःची कुंडली खिशात घेऊन प्रवास करायचा आणि त्याला पत्ता नसायचा. मॅनेजर सांगायचे आणि मी लिहायचो. त्यातल्या काही मला अजून पाठ आहेत.

'उद्या सकाळी येणारे गृहस्थ डाव्या कानाने कमी ऐकतात. रस्त्याकडची खोली चालेल. हाक उजवीकडून मारावी.'

'सोबतच्या बाई माहेरी निघाल्या आहेत असे सांगतील. त्यांना दोन दिवस कुणी बोलते करू नये. चहा मात्र वेळेवर द्यावा.'

'साबणकंपनीचे विक्रेते एकटे जेवायला लाजतात व अर्धपोटी उठतात. कुणाच्या तरी शेजारी पान मांडावे.'

आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ ठरलेली : 'हे पाहून लिहिले आहे.' ती ओळ लिहिल्याशिवाय ते सही करत नसत. मी एकदा कंटाळून ती गाळली, तर चिठ्ठी परत माझ्यापुढे सरकवली आणि बोट ठेवून बसून राहिले.

ते मूळचे गिरगावातल्याच एका जुन्या घराण्यातले. घर वाटण्यांमध्ये गेलं म्हणत. लग्न केलं नव्हतं. पण चमत्कारिक गोष्ट ही, की लॉजमध्येही त्यांना स्वतःची अशी खोली नव्हती. जी रिकामी असेल तिच्यात ते आपली वळकटी पसरायचे आणि सकाळी खाली येऊन तक्रार नोंदवल्यासारखं सांगायचे, "सातच्या खिडकीची कडी वाजते." "एकवीसमध्ये ढेकूण झालेत, गाद्या उन्हात टाका." सगळ्या खोल्या भरल्या तर दादरच्या शाखेतल्या बाकावर आडवे व्हायचे. जेवायचे सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं. चहा ज्या कपाला टवका उडालेला असेल त्यातून. आमचा आचारी राजापूरकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "ह्यो माणूस आपल्याच लॉजात पावनो आसा, आणि पावन्यासारखो वागना नाय." आम्ही हसायचो. त्यात हसण्यापलीकडे काही आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबईसह झालाच पाहिजे, ही घोषणा गिरगावात भिंतींवर होती, वाण्याच्या फळीवर होती आणि लहान पोरांच्या खेळातही होती. आमच्या चाळीत तर दुसरा विषयच नव्हता. वडील मिलमधून सुटले की परस्पर सभेला जायचे, मीही जायचो आणि दुसऱ्या दिवशी बसक्या आवाजाने कामावर यायचो. मॅनेजर मात्र या विषयावर अवाक्षर काढत नसत. हरताळ असला की दाराचं एक झडप लावून घ्यायचे, एवढंच. एका सुरती कापडवाल्याला त्या गडबडीच्या दिवसांत त्यांनी मागच्या अंगाची खोली दिली आणि रोजचा चहा स्वतः वर नेऊन दिला, तेव्हा तर मला त्यांचा रागच आला. मी हिय्या करून विचारलं, "तुम्हाला संयुक्त महाराष्ट्र हवा का नको?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बंब पेटवला का? सतराच्या मंडळींना अंघोळीला उशीर होतोय."

माणूस भित्रा आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

या ठरवण्याला आणखी एक आधार होता तो रजिस्टरचा. पोलिसांच्या हुकमाने ठेवायची ती वही. नाव, गाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि एक रकाना 'येण्याचे कारण'. त्या रकान्यात मॅनेजर सरसकट एकच शब्द घालायला लावायचे : कामानिमित्त. कोर्टाची तारीख असो, कुणाचा दहावा असो, कामानिमित्त. एकदा देवळात लग्न लावून थेट आमच्याकडे आलेलं जोडपं होतं, बाईच्या मुंडावळ्यासुद्धा सुटल्या नव्हत्या. त्यांच्यापुढेही 'कामानिमित्त'. मी हसलो तर म्हणाले, "मग? त्यांचं काम नाही तर कुणाचं?"

एके दिवशी दुपारी मॅनेजर दादरला गेले होते. दारात दोघे जण आले. एक पन्नाशीचे शाळामास्तर, दुसरा त्यांच्याच गावचा शिंपी. निपाणीकडचे. मास्तरांच्या खांद्याला खादीची झोळी होती आणि जिन्याच्या तीन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. मॅनेजर असते तर त्या धापेकडे बघितलं असतं. मी झोळीकडे बघितलं आणि विचारलं, "कशासाठी येणं केलंत?"

"सत्याग्रहाला," मास्तर म्हणाले. "परवा आमची तुकडी निघणार आहे. आमचा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून आलोय."

माझा ऊर भरून आला, दुसरा शब्द नाही. त्या वहीत इतके दिवस खोटंनाटं 'कामानिमित्त' लिहिल्याची भरपाई करायची हीच वेळ, असं मला वाटलं. चांगला टाक बुडवून, ठळक अक्षरात मी लिहिलं : संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहासाठी. आणि दोघांना अकरा नंबरची किल्ली दिली.

मॅनेजर संध्याकाळी परतले. वही बघितली. मी मान ताठ करून उभा होतो, बोलणी बसली तर काय उत्तर द्यायचं ते तयार होतं. त्यांनी टाक उचलला, पुन्हा खाली ठेवला. "खाडाखोड केली तर जास्त दिसेल," एवढं स्वतःशी म्हणाले आणि वर अकराकडे गेले. तुम्ही आत्ताच्या आत्ता दादरच्या शाखेत चला, असं त्यांनी त्या दोघांना सांगितलं, हे मला नंतर कळलं. मास्तर म्हणाले, "लपायला आलो नाही आम्ही." मॅनेजर तिथेच खुर्चीवर थोडा वेळ बसले, त्यांच्याबरोबर जेवणाच्या पंगतीपर्यंत खाली आले, आणि ते जेवत होते तोवर भिंतीशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. आसपासच्या सगळ्या लॉजच्या वह्या तपासत होते. त्या ठळक ओळीवर अंमलदाराचं बोट थांबायला वेळ लागला नाही.

"कारकुनानं उत्साहात लिहिलंय," मॅनेजर म्हणाले. "ते गृहस्थ कामानिमित्त आलेत."

तेवढ्यात मास्तर जिन्यावर येऊन उभे राहिले होते. "पोरानं लिहिलं ते खरं आहे," ते म्हणाले. "आमच्यासाठी खोटं बोलू नका."

दोघांना नेलं. शिंप्याच्या तोंडाला अजून दंतमंजन होतं. मास्तरांच्या सदऱ्याची बटणं लागायची होती, ती ते चालता चालता लावत होते. दुसऱ्या दिवशी तुकडीबरोबर, गळ्यात हार घालून, घोषणा देत त्यांना अटक करवून घ्यायची होती. त्यासाठी ते एवढ्या लांबून आले होते. त्याऐवजी माझ्या सुंदर अक्षरामुळे ते आमच्या गल्लीतून गुपचूप गेले आणि समोरच्या दूधवाल्यानेसुद्धा मान वर करून बघितलं नाही.

आता आपली नोकरी गेली, असं धरून मी काउंटरशी उभा होतो. मॅनेजरांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि नेहमीच्या आवाजात मजकूर सांगायला लागले.

'चौकीचे अंमलदार यांस. आपल्याकडे आलेले दोन गृहस्थ आमचे उतारू आहेत. पैकी मास्तरांना दमा आहे, आडवे झोपवत नाही. भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा द्यावी. विडीचा धूर जवळ नसावा. प्यायला पाणी कोमट असावे. शिंपी गृहस्थ भिडस्त आहेत, भात मागून घेणार नाहीत. दुसऱ्यांदा आपण होऊन वाढावा. हे पाहून लिहिले आहे.'

पंगतीच्या वेळी ते भिंतीशी का उभे राहिले होते, ते मला तेव्हा कळलं.

"तूच घेऊन जा," ते म्हणाले. "आणि या दोन उश्या."

उश्या काखेत मारून मी चौकीवर गेलो. तिथला हवालदार साताऱ्याकडचा होता. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "हे काय हाटेल वाटलं का तुमच्या मॅनेजराला?" म्हणाला. त्याने चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि आत हाक मारली, "ए, त्या मास्तरला भिंतीकडं घे रं. आन् तू ती विडी टाक आधी."

दोन दिवसांनी त्यांना मोठ्या तुरुंगात हलवलं. मॅनेजरांनी हवालदाराकडून ठिकाण काढलं आणि तिथल्या जेलरला दुसरी चिठ्ठी गेली, तशीच. मधल्या काळात अकरा नंबर बंद. मालकांचं कोल्हापूरहून पत्र आलं, की ऐन सीझनला खोली अडवून का ठेवली. मॅनेजरांनी उत्तर सांगितलं : खोलीत उतारूंचे सामान आहे. सामान म्हणजे एक झोळी आणि एक पितळी तांब्या. ती खोली रोज झाडायची आणि तांब्यातलं पाणी बदलायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. रोज कशाला, असं मी एकदा पुटपुटलो.

"येतील त्या दिवशी पाणी ताजं हवं," ते म्हणाले. "कुठल्या दिवशी येतील ते माहीत नाही. म्हणून रोज."

घरी मी हे सगळं सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. आई चुलीशी होती. तिथूनच ती म्हणाली, "तुका कोणी सांगल्यान ह्या लिवूक? त्या मास्तराची बायल घराक वाट बघीत आसतली."

सव्वा महिन्याने ते सुटून आले. मास्तर निम्मे झाले होते, पण चालत आले. मॅनेजरांनी अर्धं मिनिट बघितलं आणि अकराची किल्ली पुढे केली. "पाणी गरम आहे," म्हणाले, बस्स. मास्तर त्यांना म्हणाले, "त्या भिंतीनं वाचवलं मला. तुम्हाला कसं कळलं?" मॅनेजर किल्ल्यांची फळी पुसत राहिले.

मी वर जाऊन मास्तरांची माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, तू लिहिलंस ते खरंच होतं. फक्त ते मला रस्त्यात उभं राहून माझ्या तोंडानं सांगायचं होतं." रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे महाराष्ट्र झाला. गिरगाव दिव्यांनी उजळलं, आमच्या आचाऱ्याने सगळ्या उतारूंना जिलबी वाढली, मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. निपाणी, बेळगाव बाहेर राहिलं. पाटी नव्याने रंगवायला पेंटर आला तेव्हा त्याने विचारलं, "बेळगाव काढू का? आता ते तिकडं गेलं." मॅनेजर म्हणाले, "आपली शाखा आहे ना तिथे? मग असू दे." आणि त्याच दुपारी मला एक कार्ड लिहायला सांगितलं, मास्तरांच्या गावी. 'केव्हाही यावे. अकरामध्ये दोन उश्या ठेवल्या आहेत.' आनंदाच्या दिवसांत ज्याच्या घरी दिवा लागला नसेल त्याची आठवण आम्हा सगळ्यांत या भित्र्या माणसालाच झाली होती.

त्यानंतर वर्ष झालं नसेल. मॅनेजरांचं खाणं तुटलं होतं, पण जो माणूस सगळ्यांच्या मागून जेवतो त्याने किती टाकलं हे बघायला पंगतीत कुणी उरलेलंच नसतं. एके दिवशी सकाळी मी कामावर आलो तर काउंटरवर त्यांच्या हातचा कागद : 'परळला इस्पितळात जातो. सहाचा नळ गळतो आहे.' वळकटी घेऊन एकटेच ट्रामने गेले होते.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो चिठ्ठीचा. त्यांच्या बाबतीत ती आपल्याकडूनच जायला हवी. मी कोरा कागद घेतला, वॉर्डाच्या सिस्टरांस असं वर लिहिलं, आणि पुढे टाक हलेना. त्यांना उशी एक लागते का दोन? पाणी गार लागतं का कोमट? उजेड चालतो का? मी आचाऱ्याला विचारलं. "उरात ता खायत," तो म्हणाला. खोल्या झाडणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळी वळकटी बांधलेलीच असायची. कसे झोपायचे, कोण बघायला गेलंय?" चार-पाच वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बहिऱ्याचा कोणता कान बहिरा, ते मला पाठ होतं. त्यांचं मला काहीएक माहीत नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, त्या रजिस्टरच्या वेळीसुद्धा नाही.

कोरा कागद खिशात घालून मी परळला गेलो. त्यांची कॉट लांबलचक वॉर्डाच्या टोकाला, खिडकीशी. चांगली हवेशीर जागा, कुणालाही वाटावं मर्जीतला माणूस आहे. मला बघून ते म्हणाले, "नळ?"

"दुरुस्त केला," मी सांगितलं.

त्यांना काय हवं-नको ते ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. कॉटशेजारच्या स्टुलावर बसलो आणि बघत राहिलो. भेटीची वेळ संपत आली होती, बायका डबे उचलून निघत होत्या, एक नवा पेशंट आत येत होता. वॉर्डाचं दार त्यांच्या डोक्यामागे होतं. तिथे पाऊल वाजलं की ते उशीवर मान वळवायचे, मागे बघायचा प्रयत्न करायचे, नस ताणली की तोंड वाकडं करून मान पुन्हा सरळ करायचे. परत पाऊल वाजलं की परत तेच. एवढ्या वेळात त्या सुंदर खिडकीतून त्यांनी एकदाही आपण होऊन बाहेर बघितलं नाही.

तिथून ते परत आले नाहीत. अठरा दिवस होते. पण त्या संध्याकाळी मी सिस्टरांच्या टेबलाशी उभा राहून कागद पुरा केला, आणि दोन वॉर्डबॉयनी कुरकुरत का होईना, कॉट फिरवली.

'आपल्याकडे आलेले गृहस्थ आमचे मॅनेजर आहेत. त्यांना खिडकी नको. दाराकडे तोंड करून जागा द्यावी, येणारा माणूस दिसला पाहिजे. ते काही मागणार नाहीत. हे पाहून लिहिले आहे.'